माझ्या पोटातल्या पाच चिठ्ठ्या

'मी अणू बोलतोय' अशी सुरुवात करायला मला आवडलं असतं. पण जन्मभर तेवढंच एक खोटं बोलत आलोय, आता पुरे झालं. मी अणू नाही. मी एका मोडक्या टेबलाच्या पायातून काढलेला लाकडी गोळा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर, एका बाजूला तराजू आणि दुसऱ्या बाजूला चीर गेलेला चंबू, यांच्या मधे माझी जागा.

माझ्यामुळे एका मुलीचं वर्ष गेलं. ते मला सांगायचं आहे, बाकीचं ओघाने येईलच. तुम्ही म्हणाल, लाकडाच्या गोळ्याने कुणाचं काय वाकडं केलं असेल? मीही स्वतःची अशीच समजूत काढून पाहिली. पण खाई त्याला खवखवे, त्याला इलाज नाही.

माझा जन्म शाळेच्या मागच्या व्हरांड्यात झाला. बाकं दुरुस्त करायला सुतार आला होता. त्याच्यापुढे विज्ञानाचे सर टेबलाचा पाय घेऊन उभे राहिले. मुलं त्यांना चिठ्ठीसर म्हणत. का, ते पुढे कळेलच.

"यातून एक गोळा काढून द्या," सर म्हणाले.

"केवढा?"

"मुठीत मावेल एवढा. अणू करायचाय."

सुताराने पेन्सिल कानावर अडकवली. "खरा अणू केवढा असतो?"

"दिसत नाही एवढा."

"मग करायचा कशाला?"

"दिसत नाही म्हणूनच."

सुताराला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने मला चक्रावर धरून गोल केलं, कानशीने घासलं, पॉलिश पेपर मारला. मग सरांनी सांगितलं म्हणून खालून बोटभर खोल भोक पाडलं आणि त्याला लाकडाचं बूच बसवलं. "हे कशासाठी?" त्याने विचारलं. "याच्या चुका ठेवायला," सर म्हणाले. सुतार हसत म्हणाला, "आमच्या चुका आम्ही भुसा आणि डिंक भरून लपवतो, सर. तुम्ही त्यांना घर बांधून देताय."

ते घर म्हणजे माझं पोट.

सरांची शिकवायची तऱ्हाच निराळी होती. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात ते मला नुसता गोळा म्हणून वर्गात आणायचे. कडी नाही, मणी नाही, अंगावर रंगाचा ठिपका नाही. "फार पूर्वी एका शाळामास्तराने सांगितलं," ते म्हणायचे, "की कुठलाही पदार्थ बारीक करत करत गेलात की शेवटी असा एक कण उरतो, की जो फुटत नाही. तोच हा." आणि मला धाडकन फरशीवर टाकायचे. मी काही फुटायचो नाही. मुलं खूश व्हायची, माझं अंग दुखायचं. मग सर एक कागदाचा तुकडा घ्यायचे आणि विचारायचे, "आता सांगा, यात आपल्याला काय ठाऊक नाही?" कुणीतरी म्हणायचं, आत काय आहे ते. पहिल्या वर्षी तेच चिठ्ठीवर लिहिलं गेलं: 'हा फुटत नाही असं म्हणतात. आत कुणी पाहिलेलं नाही.' घडी घालून चिठ्ठी माझ्या पोटात गेली.

पुढच्या महिन्यात माझ्या अंगावर बारीक छिद्रं पाडून त्यात सहा मणी बसवले गेले. एका शास्त्रज्ञाला विजेच्या नळीत अणूपेक्षाही बारीक कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सापडले होते. म्हणजे अणू फुटत होता तर! कण आतच रुतलेले असणार, कलिंगडात बिया असतात तसे, असं त्याला वाटलं. मी त्या रूपात फारच गबाळा दिसायचो, देवी आलेल्या माणसासारखा. सहा मणी म्हणजे कार्बन, तो पेन्सिलीत असतो, कोळशात असतो, लाकडातही असतो, असं सर सांगायचे तेव्हा मात्र मला जरा अभिमान वाटायचा. दुसरी चिठ्ठी होती: 'बिया अशाच रुतल्या आहेत कशावरून? कापून पाहिलं का?'

कापून पाहिलं ते त्याच शास्त्रज्ञाच्या शिष्याने. सोन्याच्या पातळ वर्खावर त्याने बारीक कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ आरपार गेले, एखाददुसरा मात्र भिंतीवर आपटल्यासारखा उलटा फिरला. म्हणजे अणू जवळजवळ रिकामाच, आणि मधोमध एक छोटासा घट्ट गाभा. ते शिकवायच्या दिवशी सर माझे मणी उपटून काढायचे आणि म्हणायचे, "हा आता अख्खा अणू नाही, नुसता गाभा आहे. मापात करायचं तर हा मणी इथून चार किलोमीटरवर ठेवायला लागेल." दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच, "सर, मी नेऊन ठेवतो, आज सुट्टी द्या." सर दर वर्षी नव्याने हसायचे.

तिसऱ्या चिठ्ठीत प्रश्न होता: 'मणी गाभ्याभोवती फिरत असेल तर त्याची ताकद संपून तो आत का पडत नाही?' त्याचं उत्तर द्यायला त्या शिष्याकडे आलेला आणखी एक तरुण पुढे झाला. मणी वाटेल तिथून फिरत नाहीत, त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत, असं तो म्हणाला. मग माझ्याभोवती पितळी तारेच्या दोन कड्या आल्या, आतल्या कडीवर दोन मणी, बाहेरच्या कडीवर चार. काय सांगू, मी पहिल्यांदा देखणा दिसलो. गुरूची चूक शिष्याने काढली, त्या शिष्याची पुढच्याने, आणि यात कुणी कुणाचा कान धरला नाही, हे सर न विसरता सांगायचे. मी मात्र माझ्या कड्यांकडे बघत असायचो.

कड्यांवरची चौथी चिठ्ठी एका मुलीने लिहिली. पहिल्या बाकावर बसणारी, दोन वेण्यांची, अक्षर मोत्यासारखं. तिने लिहिलं: 'या कड्या आपल्या सोयीसाठी आहेत. इलेक्ट्रॉन इथेच आहे असं बोट ठेवून सांगता येत नाही.' सरांनी चष्मा वर करून चिठ्ठी दोनदा वाचली.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं लिहिलंस. माझी चिठ्ठी काढून टाकतो, ही ठेवू."

त्या मुलीचे कान लाल झाले होते. 'बरोबर आहे तुझं', हे तीन शब्द पुढे मला फार छळणार होते, पण तेव्हा मला त्याची काय कल्पना?

वर्षाच्या शेवटी कड्या निघायच्या आणि सर मला कापसात गुंडाळायचे. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही, कुठे भेटण्याची शक्यता जास्त आणि कुठे कमी एवढंच सांगता येतं. जिथे कापूस दाट तिथे जास्त, विरळ तिथे कमी. मला ते रूप मुळीच आवडायचं नाही. उशीतून पडल्यासारखा दिसायचो. पाचवी चिठ्ठी सरांनी कोरी ठेवली होती. "ही ज्याला कळेल तो लिहील," ते म्हणायचे, आणि एक जादा मणी, एखादा हरवला तर असू द्यावा म्हणून, चिठ्ठ्यांबरोबर पोटात टाकून बूच लावायचे. त्या मण्यामुळे मला हलवलं की मी खुळखुळायचो. माझा आवाज म्हणाल तर तेवढाच.

अशी बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले, तेव्हा त्याच शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षिकेच्या हातात त्यांनी मला दिलं. ती दोन वेण्यांची मुलगीच आता बाई झाली होती. "याला सांभाळ," सर म्हणाले. "आणि बूच फार घट्ट लावू नकोस."

बाईंनी दोन वर्षं सगळं सरांसारखंच केलं. फरशीवर टाकलं, मणी खोचले, कड्या लावल्या, काढल्या, कापूस गुंडाळला. तिसऱ्या वर्षी घोळ झाला. मोठ्या परीक्षेत 'अणूची आकृती काढा' असा प्रश्न आला आणि वर्गातल्या काही मुलांनी कड्यांऐवजी ठिपक्याठिपक्यांचा ढग काढला. तपासणाऱ्याकडे नमुना उत्तर होतं, त्यात कड्या होत्या. ढगवाल्यांना भोपळा मिळाला. एका मुलाची आई मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन तावातावाने बोलून गेली, आणि ती गेल्यावर मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं.

प्रयोगशाळा त्या खोलीला लागूनच आहे, सगळं ऐकू येतं.

"तुम्ही मुलांना पाच पाच अणू कशाला शिकवता?" मुख्याध्यापक म्हणत होते. "एकच शिकवा की. पेपरात जो विचारतात तो."

"पण सर, तो खरा..."

"बाई, खरं-खोटं त्यांना कॉलेजात कळेल. तिथवर पोचू तर द्या."

मुख्याध्यापक काही दुष्ट माणूस नव्हते. आपल्या शाळेची मुलं पुढे जावीत एवढंच त्यांना हवं होतं. बाईंनाही तेच हवं होतं. म्हणून तर हे सगळं झालं.

पुढच्या सुट्टीत बाईंनी माझ्या कड्या खिळे मारून पक्क्या केल्या. गाभ्याला लाल तैलरंग, मण्यांना निळा, कड्यांना सोनेरी. खालच्या बुचावरूनही लाल रंगाचे दोन हात फिरले आणि बूच कुठे होतं ते दिसेनासं झालं. रंग देताना त्यांचा हात तिथे क्षणभर थांबला होता, मला जाणवलं. पण थांबून पुन्हा सुरू झाला.

आणि आता माझ्या अपराधाचं सांगतो. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. दर वर्षी सोलून घ्यायचं, आपटून घ्यायचं, शेवटी कापसात तोंड लपवायचं, हे सगळं संपलं होतं. मी कपाटात दर्शनी जागेवर बसलो. तपासनीस आले की मला टेबलावर काढत. फळ्यावर, वह्यांत, शाळेच्या भिंतीवर माझंच चित्र. लोक मला बघून म्हणायचे, "हा अणू," आणि मी मूग गिळून बसायचो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं म्हणतात. मी तर फसवून वर वाहवा मिळवत होतो.

मग चष्मेवाल्याची मुलगी बाईंच्या वर्गात आली.

तिच्या वडिलांचं शाळेच्या कोपऱ्यावर छोटं दुकान होतं. तिथे चाकावर भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम चाले. मुलगी शाळा सुटली की तिथेच बसायची. तिच्या बोटांना कायम काचेची पांढरी भुकटी लागलेली असायची. शिकायची तिला फार ओढ होती. गावातल्या मोठ्या विज्ञान महाविद्यालयात, जिथे खऱ्या प्रयोगशाळा होत्या, तिथे नंबर लागला तर वडील तिला पाठवणार होते. "लागला तर शीक," ते म्हणाले होते, "नाही लागला तर आपलं दुकान आहेच." त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, पण दुकानात एकदा बसलं की उठायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

कपाट झाडायची पाळी तिच्यावर आली तेव्हा तिने मला उचललं आणि कानाशी नेऊन हलवलं. इतकी मुलं आली आणि गेली, असं कुणी केलं नव्हतं. मी खुळखुळलो.

"बाई, याच्या पोटात काहीतरी आहे."

बाई वही तपासत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "काही नाही. ठेव ते जागेवर."

मुलीने मला ठेवलं, पण दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती बाईंच्या टेबलाशी आली. "बाई, हा मणी सारखा फिरतो, तर आत का पडत नाही? आणि कडी कशाची केलेली असते?" बाईंचा चेहरा बदलला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्गात येईल ते. आत्ता पेपरापुरतं बघ." मुलगी मान हलवून गेली. पण ती काही पेपरापुरतं बघणाऱ्यांतली नव्हती. ग्रंथालयाच्या खालच्या कप्प्यातून तिने एक जाडजूड पुस्तक शोधून काढलं आणि आठवडाभर प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून वाचलं. वाचताना मधूनच मान वर करून काचेतून माझ्याकडे बघायची. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, हिने ओळखलं.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या शाळेचे परीक्षक आले. त्यांच्यापुढे प्रश्नांची आणि नमुना उत्तरांची यादी होती, शेजारी बाई बसलेल्या. मला मधोमध ठेवलं होतं. चष्मेवाल्याची मुलगी आत आली. परीक्षकांनी मला तिच्यापुढे सरकवलं.

"यातला इलेक्ट्रॉन दाखव."

तिने मण्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "दाखवता येणार नाही, सर."

"अगं, समोर दिसतोय की."

"तो मणी आहे, सर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मुलगी थांबली नाही. "कड्या आपल्या सोयीसाठी आहेत. इलेक्ट्रॉन इथेच आहे असं बोट ठेवून नाही सांगता येत."

हुबेहूब तेच. तिला माझ्या पोटातली चिठ्ठी ठाऊक नव्हती, ती माझ्या तळाशी रंगाच्या दोन थरांखाली पडली होती. पुस्तक वाचून तिने स्वतःच्या डोक्याने तिथवर मजल मारली होती. बाई टक लावून तिच्याकडे बघत राहिल्या. परीक्षक त्यांच्याकडे वळले.

"असं शिकवलंय तुम्ही?"

बाई म्हणाल्या, "नाही."

तसं बघितलं तर खोटं नव्हतं ते. शिकवलंच नव्हतं त्यांनी. पण त्यापुढे "मात्र तिचं बरोबर आहे" एवढं म्हणायचं राहिलं, आणि परीक्षकांनी यादीत पाचपैकी शून्य लिहिलं. मला तेव्हा फक्त टेबलावरून गडगडायचं होतं. एकदा फरशीवर आपटलो असतो तर बूच निघालं असतं, चिठ्ठ्या सांडल्या असत्या. लहानपणी दर वर्षी आपटून घेतलेला मी. पण खिळ्यांनी पक्क्या केलेल्या कड्यांवर मी असा घट्ट बसलो होतो की हललोसुद्धा नाही. लाकडाच्या गोळ्याला आपोआप गडगडता येत नाही, मला कळतं ते. तरीही तो दिवस आठवला की वाटतं, निदान खुळखुळायचं तरी होतं.

महाविद्यालयाची यादी लागली. मुलीचा नंबर दोन गुणांनी हुकला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन प्रयोगशाळेत आले. दाराशी चपला काढायला लागले, तर बाई म्हणाल्या, राहू द्या. ते बाकावर टेकले, मुलगी उभीच राहिली.

"बाई, ही म्हणते हिचं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "मला अणूतलं काही कळत नाही. मला डोळ्याच्या नंबरातलं कळतं. गिऱ्हाईक म्हणालं दिसत नाही, तर मी आधी माझं भिंग तपासतो. माणूस खोटा बोलतोय असं म्हणत नाही."

बाई खाली बघत होत्या.

"फेरतपासणीचा अर्ज आठ दिवसांत द्यायचाय," वडील पुढे म्हणाले. "पण तोंडी परीक्षेला उत्तरपत्रिका नसते ना. तिथे हजर असलेल्या शिक्षकांनी लिहून द्यावं लागतं म्हणे, की मुलगी काय बोलली आणि ते बरोबर होतं का. तेवढं द्याल का लिहून?"

"बघते मी," बाई म्हणाल्या.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "बाई, मी चुकले असेन तर तसं सांगा. मी दुकानात बसेन, माझं काही म्हणणं नाही. फक्त बरोबर की चूक ते सांगा."

"बघते म्हटलं ना," बाई म्हणाल्या, आणि ते दोघं गेले.

लिहून दिलं तर विचारणार, तेव्हा गप्प का बसलात? मुख्याध्यापक विचारणार, परीक्षक विचारणार, शाळेचं नाव जाणार. बाई रोज प्रयोगशाळेत यायच्या, कपाट उघडायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि कपाट लावून जायच्या. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. मी दिवस मोजत होतो. त्याही मोजत असणार. मला त्यांचा राग येत होता आणि रागवायला तोंडही नव्हतं. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

सातव्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर बाई आल्या. त्यांनी खिडकी उघडली, मला टेबलावर उलटं ठेवलं आणि प्रयोगाच्या सामानातलं पातं घेऊन माझ्या तळाचा रंग खरवडायला लागल्या. रंग कडक झाला होता. पातं दोनदा सटकलं, बोटाला लागलं. त्या बोट तोंडात धरून थांबल्या आणि पुन्हा खरवडायला लागल्या. शेवटी बुचाची गोल रेघ दिसली. बूच निघालं. आधी जादाचा मणी टेबलावर गडगडत गेला, मागून पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या आल्या.

चौथी चिठ्ठी त्यांनी उघडली. आपलंच लहानपणचं अक्षर. त्या खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ रडल्या, आवाज न करता, नाक पदराने पुसत. मग त्यांनी पेन काढून त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं: 'हे मला माहीत होतं. तरी मला विचारलं तेव्हा मी नुसतं नाही म्हणाले.'

आठव्या दिवशी सकाळी बाई पर्समध्ये मला आणि चिठ्ठ्यांना घेऊन परीक्षा कार्यालयात गेल्या. आधी दुकानात जाऊन त्यांनी मुलीच्या वडिलांची अर्जावर सही घेतली होती. खिडकीतल्या कारकुनाने जबाब वाचला आणि मान वर केली.

"बाई, हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिलंय."

"हो."

"नक्की द्यायचं?"

"शिक्का मारा," बाई म्हणाल्या.

इथे गोष्ट गोड झाली असती तर मी तुमच्यापुढे आज असा तोंड पाडून बसलो नसतो. अर्ज मंजूर झाला. मुलीला पाचपैकी पाच मिळाले. पण शेवटच्या दिवशी आलेले अर्ज शेवटी तपासले गेले, आणि निकाल लागला तोवर महाविद्यालयाच्या जागा भरून वर्ग सुरू झाले होते. 'पुढील वर्षी प्रवेशास पात्र,' असं पत्र आलं. पहिल्या दिवशी अर्ज गेला असता तर ती त्याच वर्षी गेली असती. सात दिवसांच्या गप्प बसण्यापायी तिचं अख्खं वर्ष गेलं. ते वर्ष ती दुकानात चाकावर भिंगं घासत बसली. बाई त्या रस्त्याने घरी जायच्या, पण दुकानाच्या अलीकडेच रस्ता ओलांडायच्या. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं.

मुख्याध्यापक बोलायचं ते बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि प्रयोगशाळेत येऊन पकडीने माझे खिळे उपटले. कड्या निघाल्या. मला दुखलं, पण माझी तक्रार नाही. नव्या वर्षी बाईंनी मला पहिल्या आठवड्यात वर्गात नेलं आणि धाडकन फरशीवर टाकलं. मुलं खूश झाली. त्यानंतर मणी, कड्या, सगळं यथासांग झालं. पेपरात कड्या काढायच्या हेही त्यांनी सांगितलं आणि का काढायच्या तेही सांगितलं. प्रत्येक पायरीला त्यांनी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, चौथीची मागची बाजूसुद्धा.

वर्ष संपता संपता, मी कापसात असताना, चष्मेवाल्याची मुलगी आली. सुट्टीनंतर तिचं महाविद्यालय सुरू होणार होतं, दाखल्यावर बाईंची सही हवी होती. बाईंनी सही केली. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"हलवू का याला?" तिने विचारलं.

"हलव."

तिने मला कानाशी धरून हलवलं. मी खुळखुळलो. बाईंनी स्वतः बूच काढून चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. मुलीने एकेक वाचली. चौथी वाचली, मग उलटी करून वाचली. तिने ती काळजीपूर्वक पूर्वीच्याच घडीवर मिटली. त्यानंतर तिचं लक्ष कापसाकडे गेलं.

"बाई, हा कापूस चुकलाय."

"कसा?"

"सगळीकडे सारखाच घट्ट आहे. मधे दाट आणि कडेला विरत जायला हवा. आणि कडा अशी नसतेच, इथे संपला असं नाही होत." बोलता बोलता तिने माझ्या अंगावरचा कापूस सोडवला, पिंजला आणि पुन्हा गुंडाळला. भिंगाची धार बघतात तशी मान तिरकी करून बघत, कडेचा कापूस बोटांनी ओढून इतका पातळ केला की कुठे संपतो ते कळेना. "आणि असा केला तरी हा कापूसच आहे," ती म्हणाली. "तोही आपल्या सोयीसाठीच."

बाई उठून उभ्या राहिल्या. एखादं मूल वर्गात उत्तर द्यायला उभं राहतं तशा.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या.

मुलीने बोटांना चिकटलेला कापूस काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "हे तेव्हा म्हणायला हवं होतं, बाई."

"हो. हवं होतं."

त्यापुढे "जाऊ दे" असं मुलगी म्हणाली नाही, आणि बाईंनीही तशी अपेक्षा धरली नाही. मुलीने पाचवी, कोरी चिठ्ठी ओढून घेतली, त्यावर 'हा कापूसही आपल्या सोयीसाठीच आहे' असं लिहिलं आणि माझ्या पोटात ठेवली. मग दाखला घेऊन ती गेली. दारातून वळून तिने एकदा पाहिलं. माझ्याकडे की बाईंकडे, ते मला सांगता येणार नाही.

हल्ली मी कपाटात उलटसुलट कसाही असतो. रंग अर्धा खरवडलेला, अंगावर खिळ्यांची भोकं, भोवती कापूस. दर वर्षी आपटून आपटून एका बाजूला बारीक चीर गेली आहे. सुताराला दाखवायचं म्हणतात. दाखवू नका असं मला वाटतं. बूच सैल आहे, नुसत्या बोटाने निघतं.

माझी एवढीच विनवणी आहे. कुठल्याही शाळेत, कुठल्याही कपाटात माझ्यासारखा कुणी देखणा, रंगवलेला बसलेला दिसला, तर त्याच्यावर बोट ठेवण्याआधी त्याला एकदा कानाशी धरून हलवा. आणि एखादं मूल तुम्हाला म्हणालं, की याच्या आत काहीतरी आहे, तर त्याच दिवशी उघडून बघा. आठ दिवस थांबू नका.